नोकरी गेल्यावर चैनीला कात्री: कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं

हा लेख पगार पहिल्यांदाच थांबलेल्या माणसासाठी आहे. महिनाअखेरीला खात्यात पैसे येणारच, या भरवशावर ज्यांनी दहा-पंधरा वर्षं काढली, त्यांना खर्च कमी करायचा म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत, हिंजवडी-खराडीच्या वाटेवरची. नाशिक, ठाणे किंवा बेंगळुरूच्या वाचकांनी आपापले आकडे घालून वाचावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कपात एकदाच करा, पहिल्या पंधरवड्यात करा आणि मोठी करा. बहुतेक घरांत उलटं होतं. पहिल्या महिन्यात बिस्किटांचा ब्रँड बदलतो, दुसऱ्या महिन्यात एखादं ओटीटी बंद होतं, तिसऱ्या महिन्यात "चहात साखर किती घालतेस" यावरून भांडण होतं, आणि गाडीचा हप्ता चौथ्या महिन्यातही मुकाट्याने जात असतो. दर आठवड्याला काहीतरी नवीन बंद होत राहिलं की घर सतत धास्तावलेलं राहतं. एकदाच काय ते ठरलं की निदान रोजची घासाघीस संपते.

१. आधी कागद, मग कात्री

गेल्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट काढा, क्रेडिट कार्डाची बिलंही. नवरा-बायको दोघांनी बसा; आईवडील एकत्र राहत असतील तर त्यांनाही बोलवा. तीन महिने अशासाठी, की एका महिन्यात घरपट्टी किंवा वाढदिवस येऊन चित्र बिघडतं. प्रत्येक खर्च दोन रकान्यांपैकी एकात टाका: ज्याच्यावाचून घर अडेल तो, आणि ज्याच्यावाचून फक्त मन खट्टू होईल तो.

समजा वाकडमध्ये भाड्याने राहणारं, एकाच्या पगारावर चालणारं चौघांचं घर आहे. भाडं २६,०००, किराणा-दूध-भाजी १४,०००, वीज-गॅस-इंटरनेट ४,०००, शाळा ८,०००, आरोग्य विमा २,५००, आईंची औषधं ३,५००. हे झाले ५८,०००. दुसऱ्या रकान्यात गाडीचा हप्ता १३,५००, पेट्रोल-पार्किंग-सर्व्हिसिंग ५,५००, हॉटेल आणि घरी मागवलेलं जेवण ११,०००, दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप्स ५,०००, जिम आणि मुलांचे क्लास ६,०००, ओटीटी वगैरे २,०००. हे ४३,०००. एकूण १,०१,०००.

हाताशी चार लाख असतील तर काहीही न बदलता हे घर जेमतेम चार महिने चालेल. हॉटेल, ॲप्स, क्लास, ओटीटी मिळून २४,००० चे ५,००० केले आणि गाडी नुसती उभी करून ठेवली (हप्ता आणि किरकोळ खर्च धरून १५,०००), तर महिन्याला ७८,००० लागतील आणि पाच महिने निघतील. गाडीच विकली तर खर्च ६३,००० वर येतो आणि सहा महिने पार होतात. म्हणजे एका गाडीने सव्वा महिना मिळवून दिला. बिस्किटांचा ब्रँड बदलून तो मिळत नाही.

"हाताशी" या शब्दात फक्त बचत खातं, मुदत ठेव आणि लगेच काढता येतील असे म्युच्युअल फंड धरा. कंपनीकडून येणारा अंतिम हिशेब, म्हणजे ज्याला सगळे "एफ अँड एफ" म्हणतात तो, आणि ग्रॅच्युइटी खात्यात जमा होईपर्यंत कागदावर शून्यच लिहा. ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी झालेल्यांना मिळते आणि हिशेब ढोबळमानाने असा आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. आकडा आधी काढून ठेवा म्हणजे कंपनीच्या कागदाशी ताडून बघता येईल, पण त्याच्या जिवावर गोव्याचं बुकिंग चालू ठेवू नका. पीएफही या चार लाखांत मोजू नका. एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असताना तो काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि हॉटेलची बिलं भरण्यासाठी म्हातारपणाचा पैसा मोडण्यात काही अर्थ नाही.

२. न विचारता जाणारे पैसे

हे काम एका संध्याकाळचं आहे आणि यात कुणाचं मन दुखत नाही, म्हणून ते सगळ्यात आधी उरकावं. यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" असा भाग असतो. चालू असलेल्या सगळ्या मंजुऱ्या तिथे दिसतात आणि तिथूनच थांबवता किंवा कायमच्या रद्द करता येतात. जितकी यूपीआय ॲप्स वापरता तितक्या ठिकाणी बघा. कार्डावरून जाणाऱ्या वर्गण्या बँकेच्या साइटवर वेगळ्या सापडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, तेव्हा जुने एसएमएस आणि ईमेल चाळले तरी बरंच हाती लागतं.

फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं नाही. प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या खात्यात जाऊन ती स्वतंत्रपणे रद्द करावी लागते. ज्या वर्गणीचे वर्षाचे पैसे आधीच भरलेत ती शेवटच्या दिवसापर्यंत बिनधास्त वापरा, फक्त तिचं आपोआप नूतनीकरण बंद करा. घरात एक ओटीटी राहू द्या. कुठलं, ते मुलांनी आणि आजीने मिळून ठरवावं. वाद होईल, पण तो करमणुकीतच धरा.

ऑटोपेच्या त्याच यादीत टर्म इन्शुरन्सचा हप्ता आणि एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम, हीही असेल. सपासप सगळं रद्द करण्याच्या भरात विमा उडवू नका. एसआयपी मात्र थांबवायला हरकत नाही. खात्यात पैसे नसताना ती परत गेली तर बँक दंड लावते, त्यापेक्षा आपणच थांबवलेली बरी.

फोन पोस्टपेड असेल तर त्याच कंपनीत, त्याच नंबरवर प्रीपेड करून मिळतो. ज्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस लागतं अशा आजी-आजोबांसाठी डेटा नसलेले पॅक आहेत. ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना ते ठेवणं बंधनकारक केलं. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही, मागून घ्या. आणि तुमचा नंबर कंपनीच्या नावावर असेल तर तो आधी स्वतःच्या नावावर करून घ्या, कारण बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात.

३. गाडी

इथे सगळे अडतात. गाडी विकली की पार्किंग रिकामं दिसतं आणि सोसायटीला कळतं. पण वरचा हिशेब पुन्हा बघा.

विकण्याआधी दोन आकडे शेजारी लिहा: बँकेने सांगितलेली आजच्या तारखेची कर्जफेडीची रक्कम, आणि दोन-तीन ठिकाणांहून आलेली गाडीची किंमत. वाहनकर्ज बहुतेक वेळा ठरावीक व्याजदराचं असतं आणि मुदतीआधी फेडल्यास शुल्क लागू शकतं, तेही विचारा. गाडी अगदी नवी असेल तर फेडायची रक्कम किमतीपेक्षा जास्त निघू शकते. मग विकून वर पैसे घालावे लागतील. अशा वेळी उभी ठेवून हप्ता भरणं, किंवा बँकेशी मुदत वाढवण्याबद्दल बोलणं, हे दोनच मार्ग उरतात.

विकायचं ठरलं तर कर्ज फेडल्यावर बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या, त्यावर आरटीओत आरसीवरचा बोजा उतरतो. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली की नाही याचा पाठपुरावा तुम्हीच करा. नाहीतर त्याचे चलान वर्षभर तुमच्या फोनवर येत राहतील. फास्टॅग बंद करा. विम्यावर "नो क्लेम बोनस" जमला असेल तर विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. ते तीन वर्षांपर्यंत चालतं आणि पुढची गाडी घेताना हप्ता कमी होतो.

दुचाकी ठेवा. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट मेट्रो आहे, पीएमपीचा पास आहे. मुलाखतीला पावसात जायचं असेल तर रिक्षा करा, तिचा खर्च पहिल्या रकान्यात टाका.

४. खाणंपिणं

हॉटेल पूर्ण बंद करू नका. पूर्ण बंद केलेली गोष्ट तिसऱ्या आठवड्यात उसळी मारून परत येते. महिन्याचे दोन हजार रोख काढून पाकिटात ठेवा. त्यात एक मिसळ, एक आइस्क्रीम आणि एखादी थाळी बसते. पाकीट रिकामं, महिना संपला. रोखच का? क्यूआर स्कॅन करताना खर्च दिसत नाही, नोट मोडताना दिसतो.

खरी गळती आहे ती घरी मागवण्यात. डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, पॅकिंग, वर हॉटेलपेक्षा जास्त लावलेला पदार्थाचा दर. तेच दहा मिनिटांत येणाऱ्या सामानाचं. कोथिंबीर विसरली म्हणून ॲप उघडलं की मोफत डिलिव्हरीसाठी दोनशेचं आणखी काहीतरी भरलं जातं. फोनवरून ही ॲप्स काढा आणि वाण्याकडे महिन्याची यादी टाकायची जुनी पद्धत सुरू करा. तोही घरी पोचवतो. मोठ्या स्वस्त दुकानात जायचं असेल तर यादी घेऊन आणि एकट्याने जा. सगळं घर गेलं की तूरडाळीसोबत प्लॅस्टिकचे डबे, चादर आणि एक कढई येते.

भाजीला मंडई किंवा शेतकरी आठवडे बाजार. आता सकाळी वेळ आहे, हा त्यातला लपलेला फायदा. गवार, घेवडा निवडायलाही वेळ आहे. नोकरी गेलेल्या माणसाने घरातलं एक जेवण स्वतःच्या अंगावर घ्यावं, तो पुरुष असेल तर नक्कीच. पैसे वाचतात ते आहेच, शिवाय दिवसाला आकार येतो आणि बायकोच्या डोक्यावरचा भार कमी होतो.

दूध, अंडी, फळं, डाळी यांना हात लावू नका. मुलांचं दूध अर्धं करून कोणाचंच भलं झालेलं नाही.

५. मावशी

स्वयंपाकाच्या ताई आणि धुण्याभांड्याच्या मावशी यांचा पगार दुसऱ्या रकान्यात टाकताना लोक जराही थांबत नाहीत, म्हणून हे वेगळं लिहिते आहे. कंपनीने तुम्हाला निदान नोटीस दिली असेल. मावशींना आपण काय सांगतो? "उद्यापासून नका येऊ." त्यांचं घरही चार घरांच्या पगारावर चालतं आणि त्यातलं एक घर एका दिवसात जातं.

खर्च झेपत नसेल तर काम कमी करावंच लागेल, त्यात अपराध नाही. पण आजच खरं सांगा, आणि एक महिन्याची मुदत द्या. स्वयंपाक दोन वेळचा असेल तर एक वेळचा करा, त्या हिशेबाने पगार ठरवा. सोसायटीत नवं कुटुंब आलं असेल तर मावशींचं नाव तिथे सुचवा. दिवाळी दोन महिन्यांवर असेल आणि वर्षभर काम झालं असेल, तर बोनसचा वाटा निघताना द्या. हे पैसे आधीच्या वर्षाचे आहेत, येणाऱ्या नाहीत. पुन्हा नोकरी लागल्यावर त्याच मावशी परत हव्या असतात, हे स्वार्थाचं कारण झालं; ते नसतं तरी माझा सल्ला हाच असता.

गाडी धुणारा, इस्त्रीवाला यांचंही तसंच. इस्त्री मात्र मुलाखतीच्या दोन कपड्यांपुरती चालू ठेवा.

६. मुलं

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना सांगावं, मोजक्या शब्दांत: "बाबांची नोकरी सुटली आहे, नवी शोधतोय, तोपर्यंत काही गोष्टी कमी करू. शाळा बदलणार नाही." शेवटचं वाक्य विसरू नका, कारण त्यांना तीच भीती असते. खरोखर बदलावी लागणार असेल तर मात्र ते वाक्य म्हणू नका.

तीन क्लास असतील तर एक ठेवा, आणि तो मुलाने निवडावा, आपण नाही. फी भरून झालेली असेल तर मुदत संपेपर्यंत जाऊ द्या. वाढदिवस घरी करा: पावभाजी, केक, गच्चीवर खेळ. रिटर्न गिफ्ट द्यायलाच हवं असा कुठेही कायदा नाही. शाळेच्या फीसाठी वेळेआधी ऑफिसात जाऊन हप्ते मागा. तारीख उलटल्यावर मागितलेली सवलत आणि आधी मागितलेली सवलत यांना मिळणारं उत्तर वेगळं असतं.

७. लग्नं, सण, मित्र

लग्नाला जा, पाकीट लहान करा. हजार एकच्या जागी दोनशे एक दिल्याने कुणी जेवणाच्या पंगतीतून उठवत नाही. गणपती बसतोच, मूर्ती लहान आणि मखर गेल्या वर्षीचं. दिवाळीचा फराळ शेजारणींनी मिळून केला तर निम्म्या खर्चात होतो आणि चकल्याही बऱ्या जमतात.

मित्रांच्या ग्रुपमध्ये महाबळेश्वरची ट्रिप ठरत असेल तर "बघतो, सांगतो" असं आठवडाभर लोंबकळत ठेवू नका. "सध्या नोकरी नाहीये, या वेळी जमणार नाही, पण कुठे जागा असेल तर कळवा." एवढं लिहिलं की दोन कामं होतात. पुष्कळ नोकऱ्या ओळखीतून लागतात, आणि लपवून ठेवलेली गरज ओळखीतल्या कुणालाच कळत नाही. जुन्या सहकाऱ्यांना भेटायचं तर पबऐवजी चहाची टपरी किंवा सकाळची वेताळ टेकडी. चहाचे पैसे वाचवू नका.

जिमच्या वर्षाचे पैसे भरलेले असतील तर सदस्यत्व काही महिने गोठवून मिळतं का ते विचारा. नूतनीकरण जवळ आलं असेल तर सोडा. तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी फुकट आहेत आणि सकाळी सहाला तिथे निम्मं पुणे भेटतं.

८. याला चैन समजू नका

घाबरलेला माणूस कधीकधी नको तिथेही कापतो. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे कंपनी सोडण्याआधीच एचआरकडे विचारा. तसं जमलं तर आधी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे काही आजारांचं संरक्षण सुरू होण्याआधी थांबावं लागतं तो काळ, फुकट जात नाही. नवी पॉलिसी घेतली तर अपघात सोडून बाकी आजारांसाठी साधारणपणे पहिले ३० दिवस संरक्षण नसतं, म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" महागात पडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, एवढा दिलासा आहे. टर्म इन्शुरन्सचा हप्ता चुकला तर महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस आणि बाकी प्रकारांना ३० दिवसांची सवलत मिळते. ती संपली की पॉलिसी बंद पडते आणि नवी घ्यावी लागली तर वाढलेल्या वयाच्या दराने मिळते.

घरचं ब्रॉडबँड ठेवा, मुलाखती त्याच्यावर होतात. कंपनीचा लॅपटॉप परत गेला असेल तर जुना, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घेणं ही उधळपट्टी नाही. दातदुखी पुढे ढकलू नका. केस कापा.

९. क्रेडिट कार्ड

चैन बंद करायचं नाव आणि तिचा खर्च मात्र कार्डावर, असं घडतं. थकबाकीवर दरमहा साधारण साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर. बिलावर छापलेली "मिनिमम ड्यू" भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. एक कार्ड अडीअडचणीसाठी ठेवा. ज्याची वार्षिक फी जवळ आली आहे, जे विमानतळाच्या लाउंजसाठी घेतलं होतं, ते बंद करा. थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेला कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर रोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲप्सच्या वाटेला जाऊ नका. त्याआधी घरातल्या मोठ्यांकडे तोंड उघडा.

गृहकर्जाचा हप्ता जड जाणार असं दिसत असेल तर तो थकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवण्याबद्दल बोला.

१०. दर महिन्याला एकदा, आणि नोकरी लागल्यावर

महिन्याच्या एक तारखेला पुन्हा तोच कागद काढा आणि किती महिने उरलेत ते लिहा. मध्ये रोज हिशेब करत बसू नका. त्याने झोप जाते, पैसे येत नाहीत. उरलेले महिने तीनच्या खाली आले तर भाडं कमी असलेल्या घराचा विचार सुरू करा. अनामत, पॅकर्स आणि दलाली यांत एक-दोन महिन्यांचं भाडं जातं, म्हणून हे अगदी शेवटी ठेवून उपयोग नाही.

ऑफर लेटर आलं म्हणून काही सुरू करू नका. पहिला पगार जमा होऊ द्या. आधी कार्डाची थकबाकी असेल तर ती फेडा, मग मावशींना बोलवा, मग मुलाचा बंद केलेला क्लास, मग एसआयपी. तीन महिन्यांचा घरखर्च पुन्हा बाजूला पडला की हॉटेलचं पाकीट थोडं जाड करा. गाडी प्रोबेशन संपल्यावर, आणि तोपर्यंत तिच्यावाचून खरंच अडलं असेल तरच.